पट्ट्याचं वय

२०२२ सालच्या गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आम्ही पुण्याहून पहाटे निघालो होतो. गाव गुहागर तालुक्यात, त्यामुळे उंब्रजला महामार्ग सोडायचा आणि पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा, हा आमचा नेहमीचा रस्ता. मागच्या सीटवर आई, शेजारी बायको, पायाशी मखराचं सामान. घाटात धुकं होतं आणि बारीक पाऊस लागला होता. एका वळणाआधी मी तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच क्षणी बॉनेटखाली कुणीतरी पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून हलवल्यासारखा आवाज झाला. जेमतेम सेकंदभर. पाय आपोआप क्लचवर गेला आणि इंजिन बंद पडलं.

गाडी उतारावर होती, ती पुढे चालतच राहिली. ब्रेक पहिल्या दोन वेळा लागला. तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं कडक झालं. स्टिअरिंग जड झालं. सगळा जोर पायात एकवटून, हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि डावी चाकं गटारीत उतरवून थांबवली. समोरून वाळूचा ट्रक वर येत होता. आई काहीच बोलली नाही, पण तिने सीटची कड घट्ट धरून ठेवली होती. तो हात मला अजून दिसतो. पुढे जे लिहितोय ते त्या हातासाठी लिहितोय.

आमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट गेला होता. तो पट्टा वेळेवर बदलायला मला अकरा-बारा हजार रुपये लागले असते आणि गाडी अर्धा दिवस गॅरेजमध्ये राहिली असती. तो न बदलल्याने चौसष्ट हजार रुपये गेले, गाडी एकोणीस दिवस चिपळूणला अडकली, आणि घाटातली ती दोन मिनिटं पैशांत मोजता येत नाहीत. वाईट याचं वाटतं की मी हलगर्जी माणूस नाही. दर दहा हजारांना ऑइल बदलत होतो, टायर वेळेवर बदलत होतो. फक्त हा पट्टा आहे आणि त्याला वय असतं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

घाटात मी केलेल्या दोन चुका

गाडी थांबल्यावर मी चावी फिरवली. एकदा, दोनदा, चारदा. स्टार्टर फिरत होता, पण त्याचा आवाज वेगळा होता. एरवी डिझेल इंजिन स्टार्ट करताना स्टार्टरला जोर लागतो, घर्र-घर्र असा दाब ऐकू येतो. इथे तो मोकळा, भराभर फिरत होता. हीच खूण होती, पण मला ती ओळखता आली नाही.

तेवढ्यात मागून आलेल्या जीपमधली चार माणसं उतरली. मनाने चांगली माणसं. त्यातला एक म्हणाला, "दादा, उताराला आहेच, धक्का मारतो. सेकंडमध्ये टाका आणि क्लच सोडा." मी तसं केलं. पुन्हा तोच खड्यांचा आवाज आला.

अर्ध्या-पाऊण तासाने पोफळीहून एक मिस्त्री मोटारसायकलवर आले. त्यांनी आधी हकीकत ऐकली. मग इंजिनाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या कव्हरचे वरचे दोन बोल्ट काढून आत बोट घातलं. पट्टा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा सैल हलला. ते म्हणाले, "बेल्ट गेला, साहेब. आता चावीला हात लावायचा नाही. धक्का तर मुळीच नको. जे वाचलंय ते वाचू दे."

जे वाचलं होतं त्यातलं काही मी चार वेळा चावी फिरवून आणि एकदा धक्का मारून आधीच घालवलं होतं. ते का, हे कळण्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावं लागेल.

पट्टा काय करतो

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात आणि त्याला फिरवतात. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. हवा आत कधी घ्यायची, धूर बाहेर कधी सोडायचा, हे कॅम ठरवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची बरोबर एक फेरी झाली पाहिजे, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. या दोघांना एका तालात बांधणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि अनेक डिझेल गाड्यांत इंधनाचा पंपही.

आता महत्त्वाचं. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा तो खाली, सिलिंडरच्या आत उतरतो. पिस्टन वर येतो तेव्हा तोही त्याच जागेत येतो. एकच जागा दोघं आळीपाळीने वापरतात. मिनिटाला दोन हजार फेऱ्या होत असतील तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला तेहतीस वेळा वर येतो, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला झालेला असतो. हा ताल पट्टा सांभाळतो. पट्टा गेला की कॅम जिथे आहे तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि वेगात वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो.

काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे पट्टा तुटला तर गाडी फक्त बंद पडते आणि नवा पट्टा घातला की पुन्हा चालते. डिझेलमध्ये मात्र हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबावी लागते. त्यामुळे पिस्टन अगदी माथ्याला आला की वर जागा उरतच नाही. म्हणून डिझेल गाडीचा पट्टा गेला तर व्हॉल्व्ह वाकणार हे धरूनच चालावं. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचीही तीच गत आहे.

मी चावी फिरवली तेव्हा स्टार्टर क्रँकला फिरवत होता आणि पिस्टन त्याच वाकलेल्या व्हॉल्व्हवर पुन्हा पुन्हा जात होते. स्टार्टर हलका फिरत होता, कारण व्हॉल्व्ह उघडे राहिल्याने आत दाब साठतच नव्हता. ब्रेकचं कोडंही इथेच सुटलं. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टच्या टोकालाच बसवलेला असतो. कॅम थांबला की पंप थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक लागतो, मग सगळा जोर आपल्या पायाचा. घाटात हे कळायला मला फार उशीर झाला होता.

हेड उतरवल्यावर

चिपळूणच्या गॅरेजमध्ये तिसऱ्या दिवशी हेड उतरवलं. मी मुद्दाम गावाहून तिथे गेलो होतो. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले होते. व्हॉल्व्हचे दोन गाइड तडकले होते. चारही पिस्टनच्या माथ्यावर नखाच्या चंद्रकोरीसारखे ठसे उमटले होते, प्रत्येक ठसा एका टकरीचा. पिस्टन फुटले नाहीत आणि कनेक्टिंग रॉड सरळ निघाले, एवढं नशीब. नवे व्हॉल्व्ह, नवे गाइड, हेडचं फेसिंग, गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट, पट्ट्याचा पूर्ण संच, ऑइल, कूलंट, मजुरी आणि टोइंग मिळून चौसष्ट हजारांचं बिल झालं. विम्याचा उपयोग झाला नाही. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. अपघात झाला असता तर गोष्ट वेगळी, पण तो टळला याचंच समाधान मानायचं.

मग गॅरेजच्या मिस्त्रींनी जुना पट्टा माझ्या हातात दिला. तो तुटलेला नव्हता. मी चक्रावलो. त्यांनी तो उलटा वाकवून दाखवला. वीतभर लांबीत दात मुळापासून उडून गेले होते. उरलेल्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. पाठ मात्र गुळगुळीत, काळी, नव्यासारखी.

ते पाहून मला सहा महिन्यांपूर्वीचा दिवस आठवला. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी मी सहज विचारलं होतं, टायमिंग बेल्ट बघायला हवा का. तिथल्या माणसाने वरचं कव्हर उचललं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "एकदम नवा दिसतोय. तुमचे साठ हजारही झाले नाहीत, लाखाला बदलू." मी निश्चिंत झालो. त्याने पट्ट्याची पाठ पाहिली होती. दातांची मुळं आतल्या बाजूला असतात, ती उभ्या-उभ्या दिसत नाहीत.

गाडी २०१५ ची, मी २०१९ मध्ये सेकंडहँड घेतलेली. घाटात मीटरवर ५८,००० किलोमीटर होते. घरी परतल्यावर मी गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट उघडून वाचलं. तिथे स्पष्ट छापलं होतं: एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, यातलं जे आधी येईल ते. पट्टा सात वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वीच त्याची मुदत संपली होती, आणि मी किलोमीटर मोजत बसलो होतो.

किलोमीटर का फसवतात

आधुनिक टायमिंग बेल्ट हा साधा रबराचा तुकडा नसतो. आत काचेच्या धाग्यांचे पीळ असतात, ते पट्टा ताणू देत नाहीत. त्यांच्याभोवती उष्णता आणि तेल सोसणारं खास रबर, आणि दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर. असा पट्टा वर्षानुवर्षं टिकतो खरा, पण तो इंजिनाला चिकटून, शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेत राहतो. रबर हळूहळू कडक होतं. गाडी चालली काय आणि पार्किंगमध्ये उभी राहिली काय, त्याचं वय वाढतच जातं.

दुसरं असं की मीटर चाकांचे फेरे मोजतं, पट्टा मात्र इंजिनाचे फेरे सोसतो. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेग आणि मिनिटाला १,८०० फेरे धरले, तर ५८,००० किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्ट पंधरा कोटींहून जास्त वेळा फिरतो. शहरातल्या गर्दीत सरासरी वेग निम्म्यावर येतो, सिग्नलला इंजिन चालूच असतं, तेव्हा तेवढ्याच अंतराला फेरे कितीतरी वाढतात. धूळ, घाट, उन्हाळा आणि शहराची गर्दी, हे सगळं ज्या गाडीच्या वाट्याला येतं तिने मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याची वाट पाहू नये. मॅन्युअलात कठीण परिस्थितीसाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असेल तर तीच आपली माना.

आपल्याकडे या पट्ट्याची सवय उशिरा लागली याला कारण आहे. रस्त्यावरच्या गाड्यांत दातेरी रबरी पट्टा १९६० च्या दशकात आला, पण आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी वापरल्या, त्यांत टायमिंगला लोखंडी साखळी होती. साखळी ऑइलमध्ये फिरते, तिची ठरलेली मुदत नसते. मारुती ८०० आली ती पट्टा घेऊन. डिझेल इंडिकातही पट्टाच होता. माझ्या वडिलांची पद्मिनी होती. गाडीची निगा मी त्यांच्याकडून शिकलो: ऑइल, पाणी, प्लग, पॉइंट. पट्ट्याचं नाव त्यात नव्हतं, कारण त्यांच्या गाडीत तो नव्हताच.

आता तुमच्यासाठी

पहिलं काम आजच करा. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, ते शोधा. यात अंदाज चालत नाही. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पट्टा होता, तर त्याच काळातल्या स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये साखळी. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांतही फरक असू शकतो. मॅन्युअलमधलं देखभालीचं कोष्टक बघा, किंवा गाडीचा चेसिस नंबर देऊन अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर विचारा. काही नव्या इंजिनांत पट्टा ऑइलमध्ये बुडून चालतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरणं ही पट्ट्याचीच निगा आहे. चुकीच्या ऑइलने त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या पंपाची जाळी तुंबते. साखळी असेल तर ऑइल वेळेवर बदला आणि थंड गाडी सुरू करताना खडखड येऊ लागली तर दुर्लक्ष करू नका.

पट्टा असेल तर किलोमीटर आणि वर्षं हे दोन्ही आकडे लिहून घ्या आणि आधी येईल तो पाळा. गाडी सेकंडहँड असेल आणि पट्टा बदलल्याचं बिल हातात नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. विकणारा कितीही भला असो, "बदललाय बहुतेक" हा पुरावा नव्हे. गाडीच्या किमतीतच पट्ट्याचा खर्च धरून सौदा करा आणि गाडी घरी आली की पहिलं ते काम करा. मी २०१९ मध्ये हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तपासणीबद्दल एवढंच लक्षात ठेवा: तपासणीने पट्टा खराब आहे हे कळू शकतं, तो चांगला आहे हे कळत नाही. वरचं कव्हर काढल्यावर कडा उसवलेल्या दिसल्या, पाठीवर भेगा किंवा चकाकी दिसली, दात झिजलेले दिसले, पट्टा ऑइलने किंवा कूलंटने ओला दिसला, तर मुदत कितीही बाकी असो, तो बदला आणि गळती कुठून होते तेही शोधा. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं. छोटा आरसा धरून दातांची मुळंही बघायला सांगा. पट्ट्याच्या बाजूने सूं किंवा किरकिर आवाज येत असेल तर पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं किंवा पुलीचं बेअरिंग जायला आलेलं असू शकतं. यातलं काहीही दिसलं नाही म्हणून मुदत वाढवू नका. माझा पट्टा शेवटच्या क्षणापर्यंत कसलाही आवाज न करता चालला.

पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कित्येक गाड्या चिखलात बुडाल्या. मिस्त्री सांगत होते, त्यानंतर ज्या गाड्यांची कव्हरं त्यांनी उघडली त्यांत पट्ट्यावर आणि पुल्यांच्या दातांत गाळ बसलेला होता. अशा गाडीचा पट्टा, टेन्शनर आणि पुल्या वयाचा विचार न करता बदलाव्यात.

बदलताना फक्त पट्टा घेऊ नका, पूर्ण संच घ्या. त्यात पट्टा, टेन्शनर, आयडलर पुली आणि ठरावीक बोल्ट येतात. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही घ्या. तिथपर्यंत पोहोचायची मजुरी एकच आहे. पट्टा नवा आणि पंपाचं बेअरिंग जुनं, असं केलं तर उद्या ते बेअरिंग जाम होऊन नवा पट्टाही नेईल. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमधून पाझर असेल तर त्याच वेळी सील बदला. माल कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा, पक्क्या बिलावर आणि बंद खोक्यातला घ्या. घडी घालून, पिळून ठेवलेला किंवा खिळ्याला टांगलेला पट्टा परत करा. तीव्र वाकवलं की आतले काचेचे धागे तुटतात, आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही.

कामाच्या वेळी जवळ उभे राहा

हे काम घरी पहिल्यांदा करून पाहण्यासारखं नाही. एका दाताची चूकही इंजिनाला महागात पडते. पण काय चाललंय हे आपल्याला कळलं पाहिजे. मी मिस्त्रींजवळ पूर्ण काम संपेपर्यंत उभा होतो, आणि त्यांनी प्रत्येक गोष्ट हाताने दाखवून समजावली. ती इथे देतो.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू झालं पाहिजे. गरम इंजिन प्रसरण पावलेलं असतं, त्यावर लावलेला ताण थंड झाल्यावर चुकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढतात. त्या बाजूचं इंजिन माउंटिंग बहुधा सोडावं लागतं, म्हणून खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला आधार देतात. मग क्रँक फिरवून टायमिंगच्या खुणा जुळवतात आणि त्या इंजिनासाठी असलेल्या लॉकिंग पिना घालतात. या पिना जागा पक्की ठेवण्यासाठी असतात. क्रँकच्या पुलीचा घट्ट बोल्ट सोडताना सगळा जोर पिनेवर घेतला तर पीन वाकते, कधी इंजिनही दुखावतं. बोल्टसाठी वेगळं धरायचं साधन लागतं.

अनेक ठिकाणी पिना नसतात. जुन्या पट्ट्यावर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करतात आणि त्याच खुणा नव्या पट्ट्यावर उतरवतात. जुना पट्टा आधीच एक दात सरकलेला असेल तर तीच चूक नव्यात जाते. म्हणून गाडी द्यायच्या आधीच विचारा: "या इंजिनाचं टायमिंग टूल तुमच्याकडे आहे का?" नसेल तर दुसरं गॅरेज शोधा. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या कारागिराला तो आवडतो.

पट्टा निघाला की क्रँक किंवा कॅम कुणीही फिरवायचा नाही. नवा पट्टा घालताना त्यावरचा बाण इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने हवा. क्रँकपासून सुरुवात करून पट्टा असा चढवतात की सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला येते. मग टेन्शनरची खूण जुळेपर्यंत ताण देतात. ताण कमी पडला तर पट्टा दात सोडतो. जास्त झाला तर सूं आवाज येतो आणि बेअरिंग लवकर जातात. पट्टा पुलीवर चढत नाही म्हणून पान्याने उचकटणं म्हणजे नवा पट्टा जुना करून बसवणं.

त्यानंतरची पायरी सगळ्यात मोलाची. पिना काढायच्या आणि क्रँक पान्याने, हाताने, फिरण्याच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. दोन का, तर कॅमची एक फेरी पूर्ण होऊन सगळ्या खुणा पुन्हा जागेवर येण्यासाठी. मध्ये कुठेही अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. खुणा आणि ताण पुन्हा तपासायचे. हे होण्याआधी स्टार्टरला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी मला म्हटलं, "हाताने अडलं तर अडचण कळते. स्टार्टरने अडलं तर व्हॉल्व्ह जातो." शेवटी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाने आवळायचे, एकदाच वापरायचे बोल्ट नवे घालायचे, आणि कव्हरचे सगळे बोल्ट परत लागलेत हे बघायचं. अर्धवट लावलेल्या कव्हरमधून खडा किंवा चिंधी आत गेली तर पट्टा गेलाच.

जुने सगळे पार्ट मागून घ्या. बिलावर पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या.

रस्त्यात बंद पडली तर

चालत्या गाडीचं इंजिन असं अचानक गेलं तर क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रलला घ्या, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवणार नाहीत. चावी बंद करू नका. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेक वारंवार सोडू-दाबू नका. उरलेला व्हॅक्यूम त्यात संपतो. एकदाच, पूर्ण जोराने आणि टिकवून दाबा, सोबत हँडब्रेक हळूहळू ओढा. धोक्याचे दिवे लावा, गाडी थांबली की चाकाला दगड लावा, माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा.

मग थांबा. स्टार्टर मारू नका. एकदा मारलाच आणि तो मोकळा, हलका फिरला, तर पट्टा गेला असं समजा आणि दुसऱ्यांदा मारू नका. धक्का मारू देऊ नका, मदतीला आलेल्यांना हात जोडून नको म्हणा. गाडी न्यूट्रलमध्येच किंवा उचलून न्या. मी त्या दहा मिनिटांत गप्प बसलो असतो तर कदाचित दोन-तीन व्हॉल्व्ह वाचले असते.

माझी गाडी अजून आमच्याकडेच आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पांढरा कागद चिकटवला आहे. त्यावर पट्टा बदलल्याची तारीख, त्या दिवसाचे किलोमीटर आणि पुढच्या बदलाचं साल लिहिलं आहे: सप्टेंबर २०२२, ५८,०००, २०२७. पाच वर्षांचं काम मी चार वर्षांत करायचं ठरवलं आहे, म्हणून २०२७ खोडून खाली २०२६ केलं. जुना पट्टा दाराजवळच्या खुंटीला टांगला आहे. कुणी नवी-जुनी गाडी घेतली आणि दाखवायला घरी आणली, की मी तो खाली काढतो, आधी गुळगुळीत पाठ दाखवतो, मग उलटा वाकवून दातांची मुळं दाखवतो. आणि एकच विचारतो, तुमच्या पट्ट्याची जन्मतारीख काय?

गेल्या वर्षी आई पुन्हा त्याच घाटाने गावाला आली. वळणांवर तिचा हात मांडीवर शांत होता.